हवा मध्यम

माणसाने खिडकीला चिकटपट्टी लावावी, त्याला कुणाची ना नाही. पण लावताना चोरासारखी लावू नये, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. आणि ते ऐकायला पहाटे घरात कुणी जागं नव्हतं, ही आणखी एक चीड. चर्र चर्र असा आवाज कानात शिरला तेव्हा आधी वाटलं, उंदीर असेल. डोळे उघडले तर थोरला त्यांच्याच उशाशी स्टुलावर उभा, पायांत मोजे, पट्टीचं टोक दातांत धरलेलं, आणि खिडकीच्या फटी बुजवतोय. हवामान कचेरीत खुर्ची असलेला, ज्याचा आवाज रोज सकाळी रेडिओवरून घरोघर जातो असा हा बाप्या, आणि आईच्या खोलीत मोज्यांवर! "काय रे?" बाई म्हणाल्या. तो एवढा दचकला की स्टूल डुगडुगलं. "काही नाही, झोप तू. धूर येतो ना फटीतून." "तो काय आज यायला लागलाय? आठवडा झाला." "असू दे. आणि आज लाँड्रीत जाऊ नकोस." "का?" "असंच. उकाडा आहे." एवढं बोलून, उरलेली पट्टी बांगडीसारखी मनगटात अडकवून तो गेलाही. असंच! या मुलाने जन्मात कधी कुठली गोष्ट असंच केली नव्हती. लहानपणी चप्पल डाव्या पायात आधी का घातली, त्याचंही कारण सांगायचा.

उठून बघतात तर एकच खिडकी नाही, सगळ्या घराची तोंडं बांधलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीला पट्टी, न्हाणीघराच्या झरोक्यात जुनी उशी कोंबलेली, दाराच्या खाली ओला टॉवेल पिळून लांबट मांजरासारखा निजवलेला. सून चहा गाळत होती. "पोरांच्या खोलीला रात्रीच लावली," ती म्हणाली, "आणि ते म्हणालेत, कुणाला सांगत बसू नका. लोक उगीच घाबरतात." "आणि आपण?" "आपण काय, आई?" "आपण नाही घाबरायचं का?" सुनेने कप पुढे सरकवला. तिला नवऱ्याच्या वतीने भांडायची सवय नव्हती आणि सासूच्या वतीने भांडायची छाती नव्हती, त्यामुळे ती नेहमी चहा पुढे करायची. बाईंनी चहा घेतला. चहालाही करपलेल्या दुधाची चव. आठवडाभर सगळ्यालाच ती चव होती, पाण्याला, दंतमंजनाला, स्वतःच्या जिभेला.

जाऊ नकोस म्हटलं की जायचं, हा बाईंचा स्वभाव. आणि का जाऊ नकोस हे सांगितलं नाही, तर धावतच जायचं. रस्त्यावर दिवे अजून लागलेलेच होते, कारण उजाडलं आहे हे दिव्यांना कळलंच नसावं. सूर्य वर आला होता, पण असा की त्याच्याकडे सरळ बघावं. धुतल्यावरही न गेलेल्या डागासारखा, तांबूस, कडा पसरलेला. डोंगरापलीकडची रानं पेटली होती. इथून डोंगर नुसते दिसायचे, एरवी निळे. आता तेही दिसत नव्हते. जे जळतंय ते आपण कधी पाहिलं नाही आणि त्याची राख मात्र आपल्या उंबऱ्यावर, याचा बाईंना संताप यायचा. कुणावर संतापायचं, हे कळत नसल्यामुळे जास्तच. चोर समोर असला तर माणूस त्याला चार शिव्या तरी देईल. धुराला काय देणार? डोळे चुरचुरत होते. डोळ्यांत पाणी आलं की समोरून येणाऱ्याला वाटणार बाई रडतायत, म्हणून त्या मान ताठ ठेवून, जगाशी भांडण काढल्यासारख्या चालत होत्या.

लाँड्री त्यांच्या हातची. नवरा गेला तेव्हा एक हौद आणि एक दोरी होती. आता खाली दोन मोठाली यंत्रं, मधल्या मजल्यावर इस्त्रीची टेबलं, आणि वर गच्ची, आडव्या-उभ्या तारांनी विणलेली. यंत्रात वाळवलेली चादर आणि उन्हात वाळवलेली चादर यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने आपले कपडे दुसरीकडे टाकावेत, असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. लॉजवाले, दवाखानेवाले त्या उन्हासाठीच येत. आणि ऊन आहे की नाही, गच्ची की आतल्या दोऱ्या, हे ठरायचं थोरल्याच्या आवाजावर. रोज कामाला हात लावण्याआधी सगळ्या जणी चहाचे पेले घेऊन फळीवरच्या रेडिओखाली उभ्या राहायच्या. तो बोलायचा, आणि मग बाई नुसतं बोट वर किंवा खाली करायच्या. पोरींच्या फोनवरही हवेचे आकडे यायचे, लाल, पिवळे, जांभळे. पण आकडा कुणाचा? आकड्याला आई नसते. हा आवाज मालकिणीच्या पोटचा. पहिल्यांदा तो रेडिओवर बोलला त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना सुट्टी दिली होती आणि नंतर एकटीनेच बसून रात्रीपर्यंत उशांचे अभ्रे पिळले होते. ढगांचंही शिक्षण असतं, हे त्यांना मुलगा ते शिकून आल्यावर कळलं. आपल्याला दुकानावरची पाटी अक्षराला अक्षर लावून वाचावी लागते, आणि आपला पोर आकाश वाचतो. तेव्हापासून त्यांची मान जी ताठ झाली ती झालीच.

आज पेले घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत शिट्टी होती. शिट्टी म्हणजे लाँड्रीची सगळ्यात जुनी इस्त्रीवाली. तरुणपणी इस्त्री करताना पुरुषासारखी शीळ घालायची, त्यावरून पडलेलं नाव. पुढे दमा जडला. "आधी तोंडाने वाजायची, आता छातीने वाजते, नाव काही वाया गेलं नाही," असं स्वतःच म्हणायची. धूर सुरू झाल्यापासून बाईंनीच तिला घरी बसवली होती. "तू कशाला तडमडलीस?" बाई खेकसल्या. "तुझं तोंड बघितल्याशिवाय करमेना," शिट्टी म्हणाली. "आणि काल सकाळी थोरला रेडिओवर म्हणाला ना, उद्यापासून निवळेल. म्हटलं आज सकाळचं ऐकते इथेच, आणि लागते कामाला. घरी बसून माझा जावई मला टीव्हीपेक्षा जास्त बघायला लागला." पोरी हसल्या. तेवढ्यात वरून तो आवाज आला. भरीव, संथ, पाण्यात मुरवल्यासारखा. डोंगराळ भागातले वणवे अद्याप आटोक्यात आलेले नाहीत. मात्र शहरावरील धूर दुपारपर्यंत विरळ होईल. सायंकाळी गडगडाटासह पावसाच्या सरी. हवा मध्यम. नेहमीचे व्यवहार सुरू ठेवण्यास हरकत नाही.

मध्यम. बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. चर्र. चर्र. मनगटात अडकवलेली पट्टी. मोजे. हा आवाज आणि तो आवाज एकाच माणसाचे कसे? की मधल्या वेळात वारा फिरला असेल? फिरतो, वारा काय, माणसासारखाच. कचेरीत गेला असेल, यंत्रं बघितली असतील, म्हणाला असेल, अरे, निवळलं की. असंही असतं. असंच असणार. त्यांनी गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी उजेड होता, पण आजारी माणसाच्या नखासारखा पिवळा. सगळ्या त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. शिट्टीने त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "खरं ना गं? घरी काय म्हणाला?" तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं: त्याने घराची तोंडं बांधलीत. पण ते वाक्य पोरींच्या समोर, शिट्टीच्या समोर, त्या फळीखाली उभं राहून बोलायचं म्हणजे इतक्या वर्षांचा तो आवाज स्वतःच्या हाताने बंद करायचा. "रेडिओवर म्हणाला तेच," बाई म्हणाल्या. आणि बोट वर केलं.

दिवसभर त्या खालीच यंत्रांपाशी राहिल्या. यंत्राच्या गोल काचेआड चादरी एकमेकींच्या मानेला मिठ्या मारून फिरत होत्या, सुटत होत्या, पुन्हा मिठी. बघता बघता डोकं रिकामं व्हावं तर उलट भरत गेलं. विजांची आठवण आली, काही कारण नसताना. थोरला लहान असताना ढग वाजला की मळक्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसायचा, डोक्यावर कुणाची तरी ओशट चादर ओढून. बाई टोपलीपाशी उकिडव्या बसून सांगायच्या, लांब आहे रे, लांब, दुसऱ्या गावात आहे. वीज कौलावर पडल्यासारखी कडाडायची आणि त्या म्हणायच्या, दुसऱ्या गावात. तो विश्वास ठेवायचा. टोपलीतच झोपायचा, तोंडाला साबणाचा आणि घामाचा वास. मग ही आठवण आत्ता का टोचावी? कुठली आई सांगते, बाळा, वीज आपल्याच डोक्यावर आहे म्हणून? त्यांनी मनातल्या मनात कुणाशी तरी वाद घातला. तो पोर होता. मी त्याची आई होते. टोपली माझी होती, घर माझं होतं, कौल कोसळलं असतं तर माझ्याही डोक्यावर कोसळलं असतं. मी त्याच्या शेजारी बसले होते, हे विसरू नका! कुणाला म्हणत होत्या, कोण जाणे. यंत्र थांबलं आणि काचेत त्यांचं तोंड दिसलं, ओठ हलताना. एक पोर बघत होती. "काय बघतेस? चादरी काय पायांनी चालत वर जाणार आहेत?"

दुपार कलली तरी धूर विरळ झाला नाही. वरून पहिल्या चादरी उतरवून आणल्या तेव्हा बाईंनी एकीत नाक खुपसलं. या नाकावर लाँड्री उभी होती. डोळे बांधून त्या सांगायच्या, ही दोनदा खळबळलेली, ही एकदाच. आज त्यांना काहीच कळलं नाही. चादरीला धुराचा वास होता की नाकालाच होता, की जगालाच? दुसरी घेतली, तिसरी घेतली. शिट्टी टेबलापाशी उभी राहून बघत होती, इस्त्री बाजूला वाफ सोडत. "कशी आहे?" तिने विचारलं. वाक्याच्या शेवटी तिच्या छातीत बारीक सूर लागला, दाराच्या फटीतून वारा यावा तसा. "चादर ठीक आहे. तू कशी आहेस?" "मध्यम," शिट्टी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसायला गेली, तर खोकलाच आला. बाईंना वाटलं, हिला आत्ता घरी पाठवावी. पाठवावी म्हणजे कारण सांगावं लागेल. कारण सांगावं म्हणजे... "बस जरा," त्या म्हणाल्या. "मी बसले तर तूच म्हणशील बसली." "म्हणेन. बस." ती बसली नाही. इतक्या वर्षांत तिने बाईंचं एक ऐकलं होतं का? ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकून ती आली होती.

मग ढग वाजला. आधी लांब, यंत्र फिरल्यासारखा, मग खिडक्यांच्या काचांतून. पोरींना एकदम आनंद झाला, "पाऊस! थोरले साहेब म्हणाले तसंच!" आणि सगळ्या गच्चीकडे पळाल्या, कारण तारांवर अजून अर्धं शहर निजायचं तेवढ्या चादरी होत्या. बाईही पळाल्या. वर आकाश उकळत होतं, तपकिरी, त्यात वीज फिरायची पण तिचा प्रकाशही मळका. एकही थेंब नव्हता. चादरी ताणून उभ्या होत्या, एकदम सैल पडल्या, मग वारा आला. समोरून नव्हे, वरून. कुणी डोक्यावर उशी दाबावी तसा. इतके दिवस उंचावर तरंगणारा सगळा धूर त्या वाऱ्याने एका थापेसरशी खाली आणला. समोरची गच्ची गेली, रस्ता गेला, शेजारची तार गेली. बाईंनी तोंडावर चादर धरली. कुणीतरी हाका मारत होतं. चादरींच्या मधून वाट काढत, चिमटे तोडत त्या जिन्यापाशी आल्या तर शिट्टी पायरीवर बसलेली. तिला कुणी वर बोलावलं होतं? इस्त्रीवालीचं गच्चीत काय काम? हातात गोळा केलेली एक चादर, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातलेली. तोंड उघडं. खांदे वर उचलून उचलून ती हवा मागत होती आणि हवा येत नव्हती. बाईंनी तिच्या छातीला कान लावला. नेहमीचा तो सूर ऐकायला. सूर नव्हता. आत काही वाजतच नव्हतं. तेव्हा बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की लाँड्रीचा गाडीवाला खालून दोन-दोन पायऱ्या चढत आला.

कपड्यांची गाडी. मागे गाठोड्यांवर शिट्टीला आडवी केली तर ती उठून बसली. निजून श्वास येत नव्हता. बाई तिची पाठ धरून बसल्या. पाठ केवढीशी! गाडीवाला धुरात दिवे लावून, हॉर्न दाबून, कधी नव्हे ते देवाचं नाव घेत होता. शिट्टीचे ओठ रंगले होते, जांभळट, आणि ती डोळ्यांनी काहीतरी विचारत होती. बाईंना ते डोळे नको झाले. बघू नकोस माझ्याकडे, त्या मनात म्हणत होत्या, आणि हात तिच्या पाठीवरून फिरवत होत्या, जोरात, रागाने, डाग काढावा तसा.

दवाखान्यात तिला आत घेतलं. नळी, मुखवटा, सुई. एक नर्स पडद्याबाहेर येऊन म्हणाली, "उशीर नाही केलात ते बरं. पण आत्ता काही सांगता येत नाही. छाती मोकळी व्हायला हवी. आज अशा हवेत बाहेर कशाला सोडलंत यांना?" जावयाला निरोप गेला होता, तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता. बाकावर सगळीकडे खोकणारी माणसं, मांडीवर पोरं, एक टॅक्सीवाला भिंतीला टेकून डोळे मिटलेला. या सगळ्यांनी सकाळी रेडिओ ऐकला असेल का? एकेकाला उठवून विचारावंसं वाटलं. आणि न विचारताच त्यांना तो बाक, तो जिना, ती सगळी खोकणारी ओळ आपल्याच गच्चीवरून इथे आल्यासारखी वाटायला लागली. बोट वर केलेलं. आत्ताही ते बोट त्यांच्या मांडीवर सरळ होतं. त्यांनी मूठ मिटली. इथल्या चादरी त्यांच्याच लाँड्रीतल्या होत्या. एवढी ओळख पुरेशी होती की त्यांना इथे कुणी हटकू नये, आणि एवढ्याने त्यांना काडीचा धीर येत नव्हता.

थोरला आला तो कचेरीतूनच, गळ्यातलं ओळखपत्र तसंच, तोंडावर जाड मास्क. सुनेने सांगितलं असणार. शहर त्याला ज्या संथ लयीत बोलताना ऐकतं त्या लयीत तो चालत नव्हता; अर्धवट धावत होता. बाकापाशी येऊन आधी त्याने खिशातून दुसरा मास्क काढला, कोरा, पाकिटातला, आणि बाईंच्या तोंडाला लावायला वाकला. "आई, तू इथे कशाला थांबलीस? हवा किती वाईट आहे, कळतंय का तुला?"

बाईंनी त्याचा हात धरला. मास्क लावू दिला नाही.

"काय आहे हवा?"

त्याने मास्क दुसऱ्या हातात घेतला.

"सकाळी काय होती?"

"आई, इथे नको." त्याने आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला तरी तो तसाच भरीव होता. बाकावरच्या एका बाईने मान वर केलीच. "मी लिहिलं होतं. वाईट असंच लिहिलं होतं, सकाळच्या कागदावर. वरच्यांनी खोडलं. म्हणाले, संध्याकाळी पाऊस आहेच, धुऊन निघेल, एका दिवसासाठी कशाला दुकानं बंद पाडायची, कशाला पळापळ. मलाही वाटलं पाऊस पडेल. पडायला हवा होता! ढग होते. पण खालची हवा एवढी कोरडी की पाऊस वरच्या वर सुकला, नुसता वारा खाली आला. हे कुणाच्या हातात असतं?"

"पाऊस तुझ्या हातात नव्हता. खिडक्या होत्या."

"मी काय करायला हवं होतं? नोकरी सोडायची?"

"आपला तो बाळ्या," बाई म्हणाल्या. पुढची म्हण त्यांनी सांगितलीच नाही. ती त्यालाही पाठ होती.

"मी तुझ्यासाठी केलं. तुझी छाती, पोरांची..." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. आणि बाईंना त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, एवढं वाटलं की हात दुखायला लागले. खरंच होतं ते. त्याने त्यांच्यासाठीच केलं होतं. त्यांच्याइतकी माया शहरात कुणाच्या वाट्याला आज आली नव्हती, आणि ती माया आता घशात राखेसारखी बसली होती, गिळवत नव्हती, थुंकवत नव्हती. पडद्याआड यंत्र सूं सूं करत होतं. ते यंत्र श्वास घेत होतं की शिट्टी, हे बाहेरून कळत नव्हतं. पडदा थोडा सरकला, नर्स म्हणाली, "शुद्धीवर आहेत. एकाने आत या. बोलायला लावू नका त्यांना." थोरला मागे सरला, आईला वाट द्यायला. बाई उठल्या नाहीत.

"ऐक," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं तरी त्यांना फिकीर नव्हती. "तू लबाड नाहीस. लबाड असतास तर मला सोपं गेलं असतं, दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. तू भित्रा आहेस. भित्रा माणूस गप्प बसला तर त्याचं एकट्याचं नुकसान. तू भिऊन गोड बोलतोस, आणि लोक ऐकतात. मीही आज गप्प बसले, ते माझं मी तिच्यापाशी निस्तरेन, त्यात तुझी वाटणी नाही. पण उद्या सकाळी कागदावर काय आहे ते बघून नको, खिडकीतून काय दिसतंय ते बघून बोलायचं. जमत नसेल तर तोंड बंद ठेव, मी रेडिओ फळीवरून काढून ठेवते. मला असल्या आवाजाचा मुलगा नको, मुका चालेल. आता आत जा. मी नाही, तू जा. आणि तिला सांग, हवा वाईट होती आणि मला माहीत होतं. तिला बोलता येत नाही. ऐकू येतंय."